मशीन भिंतीवर, किल्ली कोणाकडे?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय मी घातला होता : ‘हृदयाला शॉक देणारे एईडी यंत्र खरेदी करणे’. खजिनदारांनी त्यावर लाल रेघ मारून मसुदा परत पाठवला. रेघ मारण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे, कारण त्यांचा सगळा जन्म बँकेत गेला आणि सोसायटीचा रुपया त्यांच्यामुळेच जागेवर आहे. पण हा विषय सुचवला होता दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरनी. त्या निवृत्त झाल्या तरी त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. आयसीयूतल्या नोकरीने दिलेलं नावच चिकटलं. शेवटी दोघांना ऑफिसात समोरासमोर बसवलं. चहा मी सांगितला, टिपणंही मी काढली. पुढे आहे ते त्या बोलण्याचं थोडं झाडूनपुसून घेतलेलं रूप. मध्ये मी नाक खुपसलं आहे, ते ओळखू येईल.

खजिनदार : आधीच सांगतो, माझा विरोध कोणाच्या जिवाला नाही, बिलाला आहे. टाकीची गळती तशीच आहे, लिफ्टवाल्याने एएमसी वाढवलाय, आणि तुम्ही सव्वा लाखाचं मशीन मागताय. बरं, हार्ट अटॅक आला तर माणसाला दवाखान्यात न्यायचं की इथेच पार्किंगमध्ये आडवं पाडून करंट द्यायचा?

सिस्टर : दवाखान्यातच न्यायचं. आणि लगेच. अटॅक आलेला माणूस बोलतो, भाऊ. छाती धरतो, घामाने भिजतो, ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा मागतो. त्याची हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली असते, पण ठोके चालू असतात. त्याला माझं मशीन लागत नाही. मी दुसऱ्या माणसाबद्दल बोलतेय. तो काही मागत नाही, उभ्याचा आडवा होतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ उडतो, स्नायू नुसता थरथरतो आणि रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. कधी हा गोंधळ अटॅकमधूनच उभा राहतो, कधी त्याआधी काहीच झालेलं नसतं.

खजिनदार : मग शॉक देऊन बंद हृदय चालू करायचं. सिरियलमध्ये बघतो ना आपण. पडद्यावर सरळ रेघ येते, डॉक्टर ओरडतो, पेशंट वीतभर उडतो.

सिस्टर : सिरियलवाल्यांना एक नाइट ड्यूटी आमच्या वॉर्डात लावायला हवी होती. सरळ रेघेला शॉक देतच नाहीत. शॉक हृदय चालू करत नाही. ती वेडीवाकडी वीज तो क्षणभर सगळीच थांबवतो. मग हृदयाच्या स्वतःच्या ठोके लावणाऱ्या केंद्राला पुन्हा ताबा घ्यायला वाव मिळतो. छातीवर पट्ट्या चिकटवल्या की मशीन स्वतः ठोके तपासतं. शॉकजोगा गोंधळ असेल तरच बटण दाबायला सांगतं. नसेल तर म्हणतं, शॉक नको, छाती दाबत राहा. तुमच्या छातीवर आत्ता लावलं तर ते काहीही करणार नाही.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण ‘दवाखान्यातलं काम दवाखान्यात’ हा खजिनदारांचा आग्रह जुना आहे आणि एके काळी डॉक्टरांचाही तोच होता. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला क्लॉड बेक या शल्यविशारदाने ऑपरेशन टेबलावर, उघड्या छातीतल्या हृदयाला थेट शॉक देऊन एका मुलाला वाचवलं. छाती न उघडता शॉक देता येतो, हे पुढच्या दशकात सिद्ध झालं. १९६० मध्ये बाहेरून छाती दाबून रक्त फिरतं ठेवता येतं, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या तिघांनी मांडलं. पण यंत्र मात्र इस्पितळातच राहिलं. ते बाहेर काढलं बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी, १९६५ मध्ये. त्यांचं पहिलं फिरतं यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन साधारण ७० किलो होतं. ते रुग्णवाहिकेत बसवण्यामागे त्यांचा हिशोब सरळ होता : यातले बहुतेक रुग्ण इस्पितळाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत, तेव्हा यंत्रानेच त्यांच्याकडे जावं. सिस्टर मागताहेत ते मशीन दोन-तीन किलोंचं आहे.

खजिनदार : फिरतं यंत्र म्हणाल तर १०८ आहे की. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे, ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली. आपण कर भरतो, तो याचसाठी. सोसायटीने समांतर आरोग्य खातं का काढायचं?

सिस्टर : १०८ ला मी नावं ठेवणार नाही, फोन तर पहिल्यांदा तिथेच करायचा. पण मिनिटं मोजा. छातीही दाबली नाही आणि शॉकही नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी उतरते. कोणी नीट छाती दाबत राहिलं तर उतरण ३-४ टक्क्यांवर येते. आता आपल्याकडे काय होतं ते सांगते. माणूस पडला. आधी पाणी शिंपडणार. मग मुलाला फोन, मग जावयाला, मग फॅमिली डॉक्टरला. मग कोणीतरी म्हणणार, अहो १०८! मग पत्ता सांगणं : डोंबिवली पूर्व, अमक्या शाळेच्या मागची गल्ली, दोन नंबरचं गेट. गाडी आली तरी गेटसमोर दुहेरी पार्किंग. चौथा मजला. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, लिफ्ट तुम्हीच घेतलीत.

खजिनदार : लिफ्ट बिल्डरने दिलीय.

लिफ्टवरून पाच मिनिटं गेली, ती गाळतो.

खजिनदार : बरं, माझ्याकडेही कागद आहेत. भाचीने काढून दिले, ती फार्मसीला आहे. २००४ सालचा हा अमेरिका आणि कॅनडातला मोठा अभ्यास. काही ठिकाणी लोकांना फक्त छाती दाबायला शिकवलं, काही ठिकाणी त्याच्या जोडीला मशीनही दिलं. पहिल्या गटात १०७ जण कोसळले, १५ वाचले. दुसऱ्यात १२८ कोसळले, ३० वाचले. जवळजवळ दुप्पट! तुम्ही हेच सांगणार होतात ना? आता पुढचं वाचा. राहत्या इमारतींत वाचले किती? दोन. सगळे मिळून दोन. आणि हा २००८ चा. मोठा अटॅक येऊन गेलेले सात हजार रुग्ण घेतले. निम्म्यांच्या घरी मशीन दिलं, निम्म्यांना नाही. मृत्यूंत फरक पडला नाही. घरी मशीन असूनही! आता बोला.

मला वाटलं, सिस्टर उसळतील. त्यांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचले आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे.’ खजिनदार जरा गडबडले. समोरच्याने मुद्दा मान्य करावा, याची सोसायटीच्या कारभारात फारशी सवय राहत नाही.

सिस्टर : बरोबर आहे, पण का, ते बघा. घरात माणूस कोसळतो तेव्हा बघणारं कोणी नसतं. झोपेत जातो, किंवा बाथरूमला आतून कडी असते. बघणारी असते ती सत्तरीची बायको, एकटी. तिने छाती दाबायची, फोन करायचा की कपाटातलं मशीन शोधायचं? आता दुसरं टोक. लास व्हेगासचे जुगाराचे अड्डे. टेबलाटेबलावर कॅमेरा, दर थोड्या अंतरावर गार्ड. त्या गार्डांना शिकवलं आणि मशीनं दिली. शॉकजोगा गोंधळ असलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त, ५३ टक्के, घरी गेले. कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत पहिला शॉक मिळाला त्यांच्यात ७४ टक्के, तीन मिनिटांनंतर मिळाला त्यांच्यात ४९. हे छापून आलं २००० साली. ते गार्ड साधी पगारी माणसं होती, डॉक्टर नव्हते.

खजिनदार : म्हणजे पत्ते कुटणारा वाचतो आणि घरात पूजा करणारा जातो.

सिस्टर : हसू नका, तसंच आहे. तिथे कोणाचं तरी लक्ष होतं. शिकागोच्या विमानतळांचंही तेच. साधारण दीड मिनिटाच्या चालण्यात मशीन हाताला लागेल, अशी ती लावली होती. दोन वर्षांत असा गोंधळ झालेले १८ जण, त्यातले ११ वाचले. त्या अकरांपैकी सहांना ज्यांनी वाचवलं, त्यांनी आधी हे मशीन कधी हाताळलेलं नव्हतं.

खजिनदार : इथे तारांकित टीप आहे. त्या सहा वाचवणाऱ्यांत तिघे वैद्यकीय पदवीवाले होते.

सिस्टर : होते. आणि तिघे नव्हते. भाऊ, हृदय अचानक बंद पडण्याच्या दहा घटनांतल्या सातेक घरातच घडतात. म्हणून मशीन घराघरात नको आणि विमानतळावरच राहायलाही नको. बऱ्याच घरांना मिळून एक हवं, आणि ते घेऊन वर धावणारा माणूस ठरलेला हवा. आपल्या इमारतीत रात्री तीन वाजता जागा कोण असतो?

खजिनदार : वॉचमन. म्हणजे असायला हवा.

माझ्या मते खरा वाद इथून सुरू झाला. तोवर दोघेही मशीनबद्दल बोलत होते.

खजिनदार : वॉचमन तीन महिन्यांनी बदलतो. एजन्सी पाठवेल तो. कधी परभणीचा, कधी बिहारचा, कधी नेपाळचा. पाण्याचा पंप कधी बंद करायचा, हे त्याला पाठ होईपर्यंत तो जातो. त्याच्या हातात तुम्ही माणसाचा जीव देणार?

सिस्टर : आत्ताही त्याच्याच हातात आहे. फक्त त्याला कोणी सांगितलेलं नाही. छाती दाबायला पदवी लागत नाही. माणूस गादीवर असेल तर खाली फरशीवर घ्यायचा, गादीवर दाबलेलं सगळं गादीत जातं. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच-सहा सेंटिमीटर खाली जायला हवं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दरवेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास द्यायची सक्ती नाही. आपल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी जी पद्धत ठरली, ती निव्वळ छाती दाबण्याचीच आहे. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. दोन मिनिटांत दमायला होतं, मग दुसऱ्याने बसायचं. अर्ध्या-पाऊण तासात शिकवते मी. नवा वॉचमन आला की पुन्हा शिकवीन. मला दुसरं काम काय आहे?

खजिनदार : पण लोकांना कळायला तर हवं, की श्वास बंद झालाय.

सिस्टर : तुम्ही नेमकं माझ्या दुखत्या जागेवर बोट ठेवलंत. लोकांना तेच कळत नाही. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके देतो. तोंड उघडतं, घरघर होते, मासा पाण्याबाहेर करतो तसं. आणि भोवतालचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, श्वास चालू आहे.’ वाट बघतात. कोणी पाय चोळतं, कोणी फिट समजून कांदा हुंगवतं, चप्पल नाकाला लावतं, कोणी तोंडात पाणी घालतं. तोंडात पाणी घालू नका हो! आमच्याकडे कॅज्युअल्टीत नातेवाईक सांगायचे, ‘रिक्षात बसेपर्यंत श्वास होता.’ तो श्वास नव्हता. हलवून बघा, ओरडून बघा. उठत नाही आणि नेहमीसारखा श्वास घेत नाही? झालं, छातीवर हात ठेवा. नाडी शोधत बसू नका. तुम्हाला सापडणारही नाही, आणि सापडली तर ती बऱ्याचदा तुमची स्वतःचीच असते.

खजिनदार काही वेळ बोलले नाहीत. मीही टिपण थांबवलं. हे सगळ्यांना कळायला हवं, असं मला वाटलं, म्हणून इथे त्यातलं काही कापलं नाही.

खजिनदार : आणि मशीन कोणत्या भाषेत बोलतं?

सिस्टर : हा प्रश्न चांगला आहे.

खजिनदार : चांगला म्हणजे काय, पहिला आहे. इंग्रजीत बोलणारं मशीन आपल्या वॉचमनच्या हातात म्हणजे बंद मशीन. हिंदी किंवा मराठी आवाज आहे का, हे लेखी घेतल्याशिवाय मी सही करणार नाही. बरं, केलं सगळं, आणि माणूस गेला. पोलीस कोणाला धरणार? जीव वाचवणाऱ्याला संरक्षण देणारं १३४ अ मोटार वाहन कायद्यात आहे. ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. आपल्या जिन्यात कोसळलेल्याला ते लागू नाही.

सिस्टर : कायदा तुमचा प्रांत. पण मला एवढं माहीत आहे, की ज्याच्या छातीवर हे मशीन लागतं तो त्या घडीला गेलेलाच असतो. त्याहून वाईट तुम्ही त्याचं काय करणार?

खजिनदार : हे कोर्टात चालत नाही. चालतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३०. जुन्या दंडविधानातलं ९२. संमती घेण्याची स्थितीच नसताना, त्याच्याच भल्यासाठी, सद्भावनेने केलेल्या कृतीतून इजा झाली तर तो गुन्हा होत नाही. म्हणजे आधार आहे. पण तो वॉचमनला माहीत नाही, हवालदाराला माहीत असेल असं नाही. ते मराठीत लिहून पेटीवर चिकटवावं लागेल.

वाचकहो, विरोध करणाऱ्याने विरोध करता करता पेटीवर काय चिकटवायचं, इथपर्यंत मजल मारली होती. मी गप्प राहिलो. अशा वेळी सेक्रेटरीने बोलू नये.

सिस्टर : अजून एक आहे, त्यावर सभेत कोणी बोलणार नाही म्हणून आत्ताच बोलते. बाई कोसळली तर? पट्ट्या उघड्या कातडीवरच लागतात. एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर. ब्लाउज कापावा लागतो, मंगळसूत्र बाजूला करावं लागतं. पुरुष मागे सरतात, बायका पदर सारखा करत बसतात. अमेरिकेतसुद्धा बाहेर कोसळलेल्या बाईची छाती दाबायला लोक पुरुषापेक्षा कमी पुढे येतात, तसे आकडे आहेत. मग आपल्याकडे काय? म्हणून पेटीत कात्री हवी, घाम पुसायला पंचा हवा, आणि एक चादर हवी. दोघींनी चादर धरायची, तिसऱ्याने पट्ट्या लावायच्या. आणि बायकांना आधी शिकवायचं. दुपारी इमारतीत असतं कोण?

खजिनदार : शिकवण्याला माझी हरकत नाही, त्याला पैसे लागत नाहीत. मशीनचं बोलू. ठेवायचं कुठे? ऑफिसात, कपाटात, कुलपात. गच्चीवरचे पितळी नळ गेले गेल्या वर्षी.

सिस्टर : ऑफिस संध्याकाळी सहा ते आठ उघडं. म्हणजे लोकांनी सहा ते आठमध्येच कोसळायचं. कोपनहेगनमध्ये त्यांनी हे मोजलं. शहरात मशीनं भरपूर होती, पण शाळांत, कचेऱ्यांत. संध्याकाळी, रात्री आणि सुट्टीला त्यांचा आवाका निम्म्याहून खाली यायचा, कारण दारं बंद. आणि माणसं पडतात ती जास्त करून त्याच वेळी, घरी असताना.

खजिनदार : मग उघड्यावर ठेवा आणि चोरबाजारातून परत विकत आणा.

सिस्टर : इंग्लंडमधल्या खेड्यांत जुने लाल टेलिफोन बूथ रिकामे पडले. कंपनीने ते गावांना एकेका पौंडात दिले, आणि कित्येक गावांनी त्यात हेच मशीन टांगलं. रस्त्यावर, चोवीस तास. काही पेट्यांना आकड्यांचं कुलूप असतं, रुग्णवाहिकेला फोन केला की ते आकडा सांगतात. त्यांच्याकडे ‘द सर्किट’ नावाची यादी आहे. त्यात नोंदवलेलं जवळचं मशीन कुठे आहे, ते फोन घेणाऱ्याला समोर दिसतं. आपल्याला बूथ नको. वॉचमनच्या केबिनीला बाहेरून लावू, दार उघडलं की भोंगा वाजेल अशी पेटी.

खजिनदार : केबिनीचा पत्रा एप्रिलमध्ये हात लावू देत नाही. मशीनच्या माहितीपत्रकावर लिहिलंय, शून्य ते पन्नास अंश. पट्ट्यांमधली जेल वाळली की मशीनचा उपयोग पेपरवेटइतका. आणि पावसात पाणी. सावलीची भिंत हवी, पूर्वेची.

सिस्टर : बघा, तुम्ही जागाही काढलीत.

खजिनदार : जागा काढली, पैसे काढलेले नाहीत. आणि बाहेर लावलं म्हणजे समोरच्या सोसायटीचा माणूसही वापरणार. आपल्या चौसष्ट घरांनी घरटी दोनेक हजार भरायचे आणि सोय गल्लीची?

सिस्टर : हो.

एवढंच. एकच अक्षर, आणि त्यानंतर त्यांनी चहा संपवला. माझा कौल इथे सिस्टरच्या बाजूने आहे, आणि तो भावनेचा नाही. एका इमारतीपुरतं मशीन वर्षानुवर्षं भिंतीवर नुसतं लटकेल. गल्लीत पाच-सहा सोसायट्या, एक मेडिकल स्टोअर, रिक्षा स्टँड, गणपती मंडळ असं सगळं धरलं, तर त्याचा उपयोग होण्याची शक्यता वाढते आणि घरटी खर्च काहीशे रुपयांवर येतो. मंडळाकडे वर्गणीची पावती पुस्तकं आहेत, पोरं आहेत, आणि रात्री जागण्याचा सरावही आहे. रिक्षावाले दिवसभर नाक्यावर असतात. मेडिकलवाला रस्त्यावर सगळ्यांत आधी शटर उघडतो आणि सगळ्यांत शेवटी ओढतो. लास व्हेगासला कॅमेरे होते, आपल्याकडे ही माणसं आहेत. खजिनदारांना हे पटलं नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच होता, आणि सगळ्या चर्चेत मला तोच सर्वांत कामाचा वाटला.

खजिनदार : सहा सोसायट्यांचं मशीन म्हणजे कोणाचंच नाही. आपल्या जिन्यातल्या लाल बाटल्या आठवा. अग्निशमनाचा कायदा आहे, २००६ चा. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तपासणी करून फॉर्म बी भरायचा असतो. मी खजिनदार होईपर्यंत या इमारतीत तो कोणी भरला होता? बाटल्या होत्या, काटा लालमध्ये होता. मशीनचंही तेच होणार. बॅटरी चार-पाच वर्षं. पट्ट्या दोनेक वर्षांत बाद, वापरल्या नाहीत तरी, आणि एकदा वापरल्या की लगेच नव्या. लाइट हिरवा आहे की नाही, हे रोज कोण बघणार? उद्घाटनाला नगरसेवक येतील, फोटो येईल. तिसऱ्या वर्षी पट्ट्या कोण आणणार, त्याचं नाव मला द्या.

सिस्टर : तुमचं.

खजिनदार : मी?

सिस्टर : या गल्लीत तुमच्याइतकं तारखा सांभाळणारं कोणी आहे? खरं सांगते, मशीन कोणीही आणेल. देणगीदार मिळतील. पट्ट्यांना देणगीदार मिळत नाही. तुम्ही मशीनला नाही म्हणा, पण पट्ट्यांचा फंड तुम्ही सांभाळा.

खजिनदार : या वर्षी नाही. आधी शिकवा. इमारतीतल्या निम्म्या घरांतून एकेक माणूस शिकलेला दाखवा. इंटरकॉमवर वॉचमनचा नंबर एकआकडी करा, तो मी उद्या करून देतो. गल्लीतल्या बाकी सोसायट्यांची पत्रं आणा, देखभालीच्या वाट्यासकट. मग विषय घ्या.

सिस्टर : आणि तोवर कोणी पडलं तर?

खजिनदार : तोवर तुम्ही शिकवलेलं असेल ना?

दोघांचं पुरतं जमलं नाही. सिस्टरना अजून वाटतं, की मशीन भिंतीवर दिसल्याशिवाय लोक शिकायला येणार नाहीत. समोर दिसणारी वस्तू माणसाला विचारायला लावते. खजिनदारांना वाटतं, की वस्तू आली की लोक शिकायचं सोडून देतात, कारण ‘आहे ना मशीन’. मी दोन्ही बाजू ऐकून क्रम खजिनदारांचा आणि जागा सिस्टरची घेतली आहे : आधी हात, मग पेटी, आणि पेटी फाटकाबाहेर, सगळ्या गल्लीची. सिस्टरच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि या क्रमाची किंमत कोणीतरी मोजू शकतं, हे मला कळतं.

सोसायट्यांनी हे करावं म्हणजे सरकारने हात झटकावेत, असं नाही. जपानमध्ये सामान्य माणसाला हे यंत्र वापरण्याची मुभाच नव्हती. २००२ मध्ये तिथल्या राजघराण्यातले राजपुत्र ताकामादो टोकियोत स्क्वॅश खेळताना कोसळले आणि गेले, वय ४७. जुलै २००४ पासून नागरिकांना मुभा मिळाली, आणि आज तिथे स्टेशनांत, शाळांत, दुकानांत हे मशीन दिसतं. आपल्या शेजारी कर्नाटकात अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये अवघ्या ४६ व्या वर्षी गेले, आणि सरकारने हृदयविकारावरची योजना त्यांच्या नावाने काढली. मोठं माणूस गेल्यावर जाग येते, हे दोन्हीकडे सारखंच. महाराष्ट्रात एक गोष्ट त्याआधीही करता येईल, आणि तिला सव्वा लाख लागत नाहीत. मशीनं कुठे कुठे आहेत, ती किती ते किती हाताला लागतात, याची यादी १०८ च्या फोन घेणाऱ्यासमोर असावी. नोंद करणं महापालिकांनी सक्तीचं करावं.

तोवर विनंती ज्यांच्याकडे मशीन आधीच आहे त्यांना. मॉल, मोठ्या कचेऱ्या, जिम, क्लब, आयटी पार्क : तुमच्या रिसेप्शनच्या मागे भिंतीवर एखादं असेल, तर ते आहे हे बाहेरच्या रिक्षा स्टँडला, समोरच्या सोसायटीच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला सांगा. रात्री तुमचं दार बंद झाल्यावर ते कोणाकडून मागायचं, त्या माणसाचा नंबर दारावर बाहेरून लावा. आणि आज ऑफिसात गेलात की पट्ट्यांवरची तारीख वाचा.